भिंतीपलीकडचं तारेचं चाक

माझं शिलाईचं दुकान आणि दौलतभाऊ शेंड्यांचं वर्कशॉप यांच्यामध्ये एकच भिंत होती, आणि तीसुद्धा अर्धीच. मूल गावच्या बसस्टँडमागे घरमालकानं एका लांबलचक खोलीचे दोन तुकडे पाडले तेव्हा त्याच्या विटा संपल्या की दानत संपली, कोणास ठाऊक. भिंत माणसाच्या डोक्यावर हातभर गेली आणि थांबली. वर छताच्या टिनांपर्यंत सगळं मोकळं. त्या मोकळ्या जागेतून तिकडचा आवाज इकडे यायचा, ग्रीसचा वास यायचा, आणि इकडून तिकडे माझं बोलणं जायचं. मी शांत स्वभावाची बाई आहे असं आजवर कुणी म्हटलेलं नाही, मीही म्हणत नाही.

दौलतभाऊ म्हणजे उंच, वाळलेला माणूस. डोळ्यांवर जाड चष्मा, आणि तो पडू नये म्हणून मागून पायजम्याच्या नाडीनं बांधलेला. पोटावर बायकोच्या जुन्या लुगड्याचा तुकडा. घर ढिवरांचं. बाप तलावावर मासे धरायचा, दोन्ही भाऊ अजूनही जाळंच टाकतात. "आमच्या घरी सारे पान्यात, मी एकटाच कोरडा," असं ते नव्या गिऱ्हाईकाला एकदा तरी ऐकवायचेच, आणि ऐकवून झाल्यावर स्वतःच आधी हसायचे.

त्यांच्या वर्कशॉपचा जीव म्हणजे बाकड्यावर बसवलेला ग्राइंडर. मधे मोटर, एका बाजूला धार लावायचा दगड, दुसऱ्या बाजूला तारेचं चाक. ते चाक फिरायला लागलं की लोखंडावरचा गंज खरवडून निघायचा. आमचा हा मुलूख जंगलाचा आणि धानाच्या बांध्यांचा. इथं लोखंड एक पावसाळा बाहेर राहिलं की लालच होतं. मग नांगराचे फाळ यायचे, धान मळायच्या मशीनचे भाग यायचे, मोटरपंपाची झाकणं यायची. मोहर्लीच्या जंगलाकडून सफारीच्या जिप्सींचे स्प्रिंगचे पत्ते आणि दारांचे कब्जेसुद्धा यायचे. दिवसभर चाक फिरायचं.

पण नाव होतं ते दौलतभाऊंच्या कानाचं. इंजीन सुरू करायला सांगायचे, डोळे मिटायचे आणि आत काय झिजलंय ते बोलून दाखवायचे. "पह्यले आयका, मंग हात लावा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा सावली गावाहून एका राइस मिलवाल्यानं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून इंजीन आणलं. त्याआधी तिघांनी ते उघडून पुन्हा बंद केलेलं. दौलतभाऊंनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावलं आणि मूठ चक्क दातांत धरली. दोन मिनिटं तसेच उभे. मग म्हणाले, मागच्या बाजूचं बेअरिंग गेलंय, बाकी कशाला हात लावू नका. उघडलं तर तसंच निघालं. तेव्हापासून मूलमधली दोन-तीन मेकॅनिक पोरंही स्क्रू-ड्रायव्हर दातांत धरून उभी राहायला लागली. त्यांना काही समजत नव्हतं, पण दिसायला बरं दिसायचं.

एवढ्या मोठ्या कारागिराला एका गोष्टीनं मात्र जेरीस आणलं होतं. टिकाऊ तारेचं चाक काही मिळत नव्हतं.

चाक नवं बसवलं की चार दिवस बरं चालायचं. मग त्याच्या तारा तुटून उडायला लागायच्या. केसाएवढ्या, सुईसारख्या टोकदार. दौलतभाऊ त्यांना काटे म्हणायचे. "यानंबी काटे सोडले," असं भिंतीपलीकडून ऐकू आलं की मी समजायची, आणखी एक चाक गेलं. मेलेलं चाक ते फेकत नसत. भिंतीवर खिळे ठोकून ओळीनं टांगायचे आणि खाली खडूनं लिहायचे, कुठून आणलं, किती दिवस जगलं. त्या दिवशी शेजारपाजारच्या सगळ्यांना चहा असायचा. "आज चाकाची तेरवी हाये, या," असं बोलावणं यायचं. मीही जायची. चहा चांगला असायचा, खोटं कशाला बोलू.

एकदा मला अस्तरं आणि दोरे घ्यायला चंद्रपूरला जायचं होतं, त्यांना चाक घ्यायचं होतं, म्हणून एकाच बसनं गेलो. हार्डवेअरच्या दुकानात त्यांनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. चाक हातात घेतलं, बोटांनी दाबलं, उलटं केलं, तारांची मुळं फाकवून आत पाहिलं, आणि शेवटी नाकाला लावून वास घेतला. त्यांची आई बाजारात मासा निवडताना अगदी असंच करत असणार. दुकानदार बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, भाऊ, चाक आहे ते, मासोळी नाही. दौलतभाऊ गंभीरपणे म्हणाले, "काटे पाहून राह्यलो." मी तोंडाला पदर लावून बाहेर येऊन उभी राहिले.

साधं चाक झालं, पितळी तारांचं झालं. मग कुणी सांगितलं म्हणून तारांच्या वेण्या घातलेलं आणलं, पोरींच्या घट्ट वेण्यांसारखे पेड होते त्याला. बल्लारपूर झालं, गडचिरोली झालं, नागपूर झालं. मोबाईलवरून एक मागवलं, ते एवढ्या मोठ्या खोक्यात आलं की आम्हाला वाटलं ग्राइंडरच आला. सगळी चाकं भिंतीवर गेली. दौलतभाऊ दुकानदारांना बोल लावायचे, कंपन्यांना लावायचे, तारेच्या पोलादाला लावायचे. पत्र्याचा आडोसा केला, ओल्या गोणपाटाचा पडदा लावला. काटे कुठून तरी निघायचेच.

संध्याकाळी त्यांची बायको कौसाबाई यायची. जळक्या स्पीकरमधून काढलेला लोहचुंबक तिच्याजवळ असायचा. नवऱ्याला दारात उभं करायचं आणि डोक्यापासून पायापर्यंत चुंबक फिरवायचा, दृष्ट काढल्यासारखा. चुंबकाला तारांची मिशी फुटायची. मग ती माझ्याकडे यायची, माझ्या साडीवरून फिरवायची आणि घरी जायची. फार कमी बोलणारी बाई. तिच्या वाटचं दौलतभाऊच बोलून घ्यायचे.

हे असंच चाललं असतं, पण ब्लाउजचं झालं.

बुद्धपौर्णिमेला आमच्या वॉर्डातल्या बायका विहारात पांढऱ्या साड्या नेसून जातात. त्या वर्षी महिला मंडळानं ठरवलं, सगळ्यांचे ब्लाउज एकाच कापडाचे, आणि शिवायचे मी. छत्तीस ब्लाउज. माझ्यासाठी मानाची गोष्ट होती. सुती कापड आधी पाण्यातून काढावं लागतं, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं. मी कापड भिजवलं आणि दोन्ही दुकानांच्या मागं जे सामाईक अंगण आहे तिथं दोरीवर वाळत घातलं. नंतर बेतलं, शिवलं, शेवटी खळ देऊन पुन्हा वाळवलं. सकाळी इस्त्रीला घेते तर काय, अकरा ब्लाउजांवर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या मधोमध एक बारीक तार. रात्रभरात गंजलेली.

लिंबू लावलं, मीठ लावलं. गंज पांढऱ्यावरून जात नाही म्हणजे नाही. माझं डोकं सणकलं. मी तडक पलीकडे गेले आणि सहा वर्षांत जे बोलायचं राहिलं होतं तेवढं सगळं बोलून घेतलं. दौलतभाऊ माझ्या तोंडाकडे पाहत उभे राहिले आणि म्हणाले, "हो ना बाई, बरोबर हाये." त्यानं मी आणखी पेटले. म्हटलं, माणसाचं नुकसान झालंय आणि हा मान डोलावतो. तशीच घरमालकाकडे गेले आणि सांगून आले की आता एक तर ते चाक राहील, नाहीतर मी.

घरमालकाला कटकट नको होती. त्यानं दौलतभाऊंना महिन्याची मुदत दिली. तारा उडणं बंद करा, नाहीतर जागा खाली करा. आता गंज काढणं बंद म्हणजे वर्कशॉपच बंद, हे लहान लेकरालाही समजलं असतं. साठीच्या माणसाला नवी जागा कोण देणार होतं? पण त्या दिवशी मी एवढा विचार करण्याच्या मनःस्थितीत नव्हते. नंतर मात्र जेवण गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी दौलतभाऊ आणि कौसाबाई दोघंही माझ्या दारात. हातात तसंच पांढरं कापड, चांगलं मोजून आणलेलं. म्हणाले, "बेता तुमी. हूक आमी लावून देतो." मला वाटलं मस्करी आहे. पण जाळी विणणाऱ्या घरातला माणूस तो. एकेक हूक असा लावला की माझ्याकडे शिकायला येणाऱ्या आशाताईनं त्यांचा टाका पाहायला मागितला. नाडी बांधलेला चष्मा, काळी पडलेली नखं, आणि मांडीवर स्वच्छ टॉवेल टाकून त्यावर बाईमाणसाचा ब्लाउज. हसू दिसू नये म्हणून मी मान खाली घालून बेतत राहिले.

त्या दुपारी मी त्यांच्या पाठीमागून विचारलं, चहा घेता का. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. मान हलली नाही. तिसऱ्यांदा जरा जोरात विचारलं, तेव्हा कौसाबाईनं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर सुईवर नेली. मी चहा ठेवायला मागच्या अंगणात गेले तर ती मागोमाग आली.

"त्याईले आयकू येत नाई," ती हळूच म्हणाली. "तीन वरसं झाली. कोनाले सांगू नका जी. त्या कानावरच तं आमचं पोट हाये."

नाही सांगणार, म्हटलं, आणि चहा ढवळत उभी राहिले. सगळं एकेक करून आठवायला लागलं. स्क्रू-ड्रायव्हरची मूठ दातांत धरणं, कारण हाडातून जो थरथराट जातो तेवढाच त्यांना उरला होता. आपल्याला वाटलं तो त्यांचा रुबाब. कुणी काहीही बोललं की "हो ना बाई, बरोबर हाये." माझ्या सहा वर्षांच्या सगळ्या शिव्यांपैकी निम्म्या तर त्यांच्यापर्यंत पोचल्याच नव्हत्या. खरं सांगते, त्यात मला थोडं वाईट स्वतःसाठीही वाटलं.

चहा घेऊन आत आले तर आशाताईची सुई मोडलेली. मी तिला रोज सांगते तेच पुन्हा सांगितलं, की कापड ओढू नको, मशीन आपल्या चालीनं कापड घेते, आवाज बदलला की हात ढिला सोड. एवढं बोलले आणि मी तिथंच थांबले. भिंतीपलीकडचं चाक मी सहा वर्षं ऐकत होते. पहिली तीन वर्षं ते गुणगुणायचं. नंतरची तीन वर्षं ते किंचाळत होतं. मला वाटायचं चाकं खराब यायला लागली. चाकं तीच होती. दौलतभाऊ दाबत होते. चाक लोखंडाला लागल्याचं कानाला समजत नव्हतं, म्हणून हाताला समजेपर्यंत छाती लावून दाबत होते. मग तारा वाकणार नाहीत तर काय, आणि तुटणार नाहीत तर काय.

आता हे सांगायचं कसं? सांगितलं म्हणजे मला त्यांचं गुपित समजलंय हेही सांगणं आलं. आडपडद्यानं बोलणं मला जमत नाही. कौसाबाईला दिलेला शब्दही मोडायचा नव्हता. मी संध्याकाळी पलीकडे गेले, खडू उचलला, आणि मेलेल्या चाकांच्या ओळीखाली भिंतीवर लिहिलं: चाकं चांगली होती. तुम्ही दाबता.

त्यांनी वाचलं. चष्मा काढून पुसला, नाडी पुन्हा बांधली, पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, कोणी सांगितलं. मी आधी माझ्या कानाला हात लावला आणि मग मधल्या भिंतीकडे बोट दाखवलं. ते खाली स्टुलावर बसले.

"तीन वरसं मी चाकाले बोल लावून राह्यलो, बाई," ते म्हणाले. मग दाराकडे पाहून, "लोकाईले समजलं तं माह्याकडे कोन येईन?"

मी त्यांच्या समोर जाऊन, त्यांना ओठ दिसतील असं, एकेक शब्द सुटा करून बोलले. "माह्या तोंडून नाई जानार. अन् माहे कान हायेत नं. ते वापरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं तर भिंतीवरून एक दोरी माझ्या मशीनपाशी लोंबत होती. मासे धरायची बारीक, मजबूत दोरी. भिंतीच्या माथ्यावर दोन कड्यांतून पलीकडे गेलेली, आणि तिकडच्या टोकाला ग्राइंडरच्या अगदी समोर, त्यांच्या डोळ्यांपुढे, माझ्याच कतरणीतली लाल चिंधी. दौलतभाऊंनी समजावलं. लहानपणी गळ टाकून बसायचे तेव्हा पाण्यावर ज्वारीच्या धांड्याचा तुकडा तरंगत ठेवायचे. तो हलला की हात हलवायचा. इथं चिंधी हलली की हात उचलायचा. एवढंच.

मग आमची नोकरी सुरू झाली. मी पायानं मशीन चालवायची, हातानं कापड सरकवायची आणि कान भिंतीपलीकडे. चाक किंचाळलं की दोरीला एक झटका. तिकडे चिंधी उडायची आणि आवाज लगेच खाली यायचा. पहिले चार दिवस माझा हात दुखून आला. दोन-तीनदा मी उगीचच झटका दिला, जुना राग होता थोडा. तेही समजून असायचे. गिऱ्हाईक विचारायचं ही चिंधी कशाची, तर म्हणायचे, माशा हाकलायले. एकदा एका मोहर्लीवाल्या ड्रायव्हरनं आपल्या गाडीच्या आरशाला तशीच चिंधी बांधली. त्याला वाटलं नजर लागू नये म्हणून असावी.

हळूहळू झटके कमी झाले. हाताला वजन समजलं. शिवाय दर आयतवारी ते चाक काढून उलटं बसवायला लागले, तव्यावर भाकर उलटावी तसं. म्हणजे एका बाजूला वाकलेल्या तारा दुसऱ्या बाजूनं सरळ होतात आणि टोकाला पुन्हा धार येते. हे त्यांना आधीपासून माहीत होतं. पण चाक आठ दिवसच जगत असेल तर आयतवार उजाडणार कुठून?

महिना झाला तेव्हा घरमालक पाहायला आला. मी अंगणात तीन दिवस आधी पांढरं कापड बांधून ठेवलं होतं. कौसाबाईनं त्याच्यासमोर कापडावरून चुंबक फिरवला, या काठापासून त्या काठापर्यंत. एक केसाची पिन निघाली. ती माझीच होती. घरमालक म्हणाला, ठीक आहे, आणि चहा न घेता गेला. तक्रार मी केली होती, ती मीच मागं घेतली, म्हणून मला जरा ओशाळल्यासारखं झालं. दौलतभाऊंनी त्या दिवशी जिवंत चाकाचा चहा पाजला. तेरवी नसताना चहा मिळण्याची ती पहिलीच वेळ.

ते चाक तो अख्खा पावसाळा चाललं. दिवाळी झाली, धान कापून झालं, तरी चाललं. खडूनं फक्त जन्माची तारीख, पुढं कोरी जागा. ही बातमी पसरली. लोक विचारायला यायचे, भाऊ, चाक कोणत्या कंपनीचं? दौलतभाऊ सगळ्यांना खरं तेच सांगायचे, की कोणतंही घ्या, फक्त हलक्या हातानं धरा. कुणाचा विश्वास बसला नाही. म्हातारा कंपनीचं नाव लपवतो, असं दोघं-तिघं माझ्याकडे येऊन बोलून गेले. एक जण तर त्या कंपनीच्या शोधात नागपूरला जाऊन आला आणि दोन पिशव्या चाकं घेऊन आला. आठ दिवसांनी तोच दारात, काटे सोडलेलं चाक हातात. मी दोरी दाखवावी की काय असं मनात आलं, पण शब्द दिला होता.

असं पाच वर्षं चाललं. मूलमध्ये आजही लोक दौलतभाऊंच्या कानाचं नाव काढतात. काढू द्या. मी ऐकून घेते आणि शिवत राहते.

मग त्यांची नजरही कमी व्हायला लागली आणि गडचिरोलीला दिलेली त्यांची मुलगी म्हणाली, पुरे आता, दोघंही माझ्याकडे या. वर्कशॉप त्यांनी स्वतःहून आवरलं. ग्राइंडर एका ओळखीच्याला दिला. भिंतीवरची मेलेली चाकं तशीच ठेवली, म्हणाले, राहू द्या, नव्या भाडेकरूले समजन का इथी कोनी तरी मेहनत केली होती. जायच्या दिवशी सकाळी माझ्या दुकानात येऊन बसले. मी चहा केला. माझं नाक लाल झालं होतं ते त्यांना दिसलं असणार, चष्मा नवा होता.

ते गेल्यावर मी मशीनवर बसले आणि सवयीनं हात दोरीकडे गेला. दोरी तिथंच होती. पलीकडे जाऊन पाहते तर चिंधीही तिथंच, रिकाम्या बाकड्यावर लोंबत. इतकी धुतलेली की लाल कमी, गुलाबी जास्त. मी ती सोडवली आणि बसस्टँडकडे पळाले. वय विसरून पळाले, गळ्यात टेप तसाच.

गडचिरोलीची बस सुरू होऊन घरघरत होती. कौसाबाई आतल्या बाजूला, दौलतभाऊ खिडकीशी. दोन्ही हातांनी खिडकीची दांडी गच्च धरलेली, अगदी पूर्वी फाळ धरायचे तशी. मी हाका मारल्या. त्या घरघरीत धडधाकट माणसालाही ऐकू आलं नसतं. बस हलली. तेव्हा मी चिंधी वर धरली आणि दिला एक झटका.

त्यांचे दोन्ही हात दांडीवरून चटकन वर उचलले गेले. मग त्यांना समजलं ती मी आहे, आणि ते हसायला लागले. बस रस्त्याला लागून वळेपर्यंत त्यांनी ते हात खाली घेतले नाहीत.